उजवीकडची डिस्क

पेटीवरचा दिवा हिरवा झाला की आमच्या घरात सकाळ होते. आधी तो लाल असतो, मग पिवळा, आणि पेटीला तिची डिस्क सापडली की हिरवा. तेवढा वेळ मी चहाचं आधण ठेवून उगीच भांडी इकडची तिकडे करत असते. मिनिटभराचा कारभार, पण जीव टांगणीला लागतो. एव्हाना सवय व्हायला हवी होती, पण झाली नाही.

पेटी माझ्या नवऱ्याची. नाव धैर्यशील वडणगेकर, पण अख्खं उद्यमनगर त्यांना मेस्त्री म्हणतं, म्हणून मीही मेस्त्रीच म्हणते. लग्न झालं तेव्हा लाडानं म्हणायचे, आता बरेचदा रागानं म्हणते, हाक तीच. कोल्हापुरात लोखंड कातायच्या लेथवर त्यांच्यासारखा हात नव्हता, हे मी बायको म्हणून सांगत नाही, त्यांच्यावर जळणारे लोकही सांगायचे.

तीन वर्षांपूर्वी त्यांना मेंदूज्वर झाला. माणूस वाचला, बोलताचालता राहिला. जुनं सगळं शाबूत होतं, आमच्या लग्नात कोणता मामा कशावरून रुसला इथपर्यंत. पण नवीन काही टिकेना. सकाळी भेटून गेलेला शेजारी दुपारी आला की हे विचारणार, "कधी आलास गावाहून?" डॉक्टरांनी समजावलं ते असं. मेंदूत खोलवर बोटाएवढा एक भाग असतो. दिवसभरात जे घडतं ते पक्कं लक्षात राहायचं तर त्याला त्या भागातून जावं लागतं. यांचा तो भाग ज्वरानं निकामी केला होता.

हल्ली त्यावर इलाज निघालाय. कानामागे कातडीखाली एक चकती बसवतात. ती मेंदूतल्या विजेच्या लहरी टिपते आणि कमरेला लावलेल्या पेटीकडे पाठवते. पेटी त्या लहरींचा नमुना डिस्कवर साठवते. पुढे तेच माणूस समोर आलं, तोच वास आला, तेच गाणं लागलं, की पेटी डिस्कवरून तो नमुना शोधून परत मेंदूत सोडते, आणि माणसाला वाटतं की आपल्याला आठवलं. पेटी म्हणजे साबणाच्या वडीएवढा संगणक आहे, लिनक्सवर चालणारा. डिस्क वेगळी, बाहेरून जोडायची, कारण पेटीच्या पोटात एवढं आयुष्य मावत नाही. रात्री पेटी चार्जिंगला जाते आणि सकाळी मेस्त्रींनी डोळे उघडायच्या आत मी ती त्यांच्या कमरेला लावते. उशीर झाला तर ते उठून बसतात आणि विचारतात, "मी दवाखान्यात कधी आलो?" ते ऐकायला लागू नये म्हणून मी आधी उठते.

एवढं सगळं करूनही घरात सुख होतं असं नाही. गेल्या माघात मी त्यांचा उद्यमनगरातला लेथचा कारखाना विकला.

त्याला कारण होतं. एकदा पेटीची बॅटरी उतरली, ह्यांनी लेथ चालू केला, पाणी प्यायला आत गेले आणि लेथ चालू आहे हेच विसरले. परत येऊन वाकले आणि बाही लेथच्या फिरत्या चकमध्ये गेली. शर्ट फाटला म्हणून हात वाचला. कागदपत्रं आजारपणातच माझ्या नावावर झाली होती. मी त्यांना न विचारता सही केली, कारण विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते आणि मी ऐकलं असतं. नवा बोर्ड लागला तेव्हा त्यांना कळलं. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "डोकं माझं पेटीत ऱ्हातंय. हात तेवढं माझं हुतं. तेबी इकलास."

तेव्हापासून माझ्याशी बोलणं बंद. ताट वाढलं की जेवायचं, चहा दिला की प्यायचा, नजर खिडकीकडे. श्रावणात कागलच्या आक्का, म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण, गेल्या. आम्ही दोघं शेवटचे काही दिवस तिथंच होतो. तिथंही आमच्या दोघांत आक्काच बोलायच्या, जमेल तसं, धापा टाकत. मी मेस्त्रींचं पाणी द्यायचे ते आक्कांच्या हातात, आणि आक्का ते त्यांना द्यायच्या. मरणाऱ्या बाईला आम्ही असलं काम लावलं होतं.

मग आली खंडेनवमी.

आमच्यात त्या दिवशी हत्यारांची पूजा होते. कारखाना होता तेव्हा लेथला झेंडूची माळ, ड्रिल मशीनला नारळ, कामावरच्या पोरांना पेढे. यंदा पाटावर मांडायला राहिलं होतं ते मापं घ्यायचं व्हर्नियर, मायक्रोमीटर, ह्यांची छोटी हातोडी, माझी विळी आणि स्कूटरची किल्ली. मला ते बघवेना. ज्याच्यावर संसार चालतो त्याची पूजा करायची, तर माझा संसार तर पेटीवर चालतो. मेस्त्री जेवून झोपले तशी मी पेटी पार बंद केली, डिस्क काढली आणि दोन्ही पाटावर ठेवून हळदीकुंकू वाहिलं.

तिसरी वस्तूही ठेवली, राखीव डिस्क. ही वर्षभर कपाटात असते. कंपनीचं म्हणणं, वर्षातून एकदा चालू डिस्कची नक्कल राखीववर करून ठेवा, म्हणजे उद्या काही झालं तर सगळंच जायला नको. गेल्या वर्षी दसऱ्याच्या दोन दिवस आधी राखीव डिस्क आणली आणि पहिली नक्कल कंपनीच्या केंद्रातच करून घेतली. पुढची कोणत्या दिवशी ठेवू असं तिथल्या तबस्सुम मुलाणी नावाच्या इंजिनिअर मुलीनं विचारलं तेव्हा मेस्त्री म्हणाले होते, "दसऱ्याला, दुसरं काय. मुहूर्त बघाया नगं." तिनं तसं पेटीत घालून दिलं. दसऱ्याच्या दिवशी राखीव डिस्क शेजारी जोडून ठेवायची, दिवेलागणीला नक्कल आपोआप सुरू होणार.

दसऱ्याला सकाळी मी अक्षता टाकून पाट हलवला आणि वस्तू उचलल्या. पूजेतलं उचलताना उजवीकडून उचलायचं ही सासूबाईंची शिस्त. उजवीकडची डिस्क आधी जोडली, मग डावीकडची. दोन्ही दिसायला सारख्या, दोन्हींवर कुंकू. पेटी चालू केली. लाल, पिवळा, हिरवा. नेहमीसारखी मेस्त्रींच्या कमरेला लावली आणि चहाकडे वळले.

"भारती, च्या टाकलास का गं?"

माझ्या हातातली गाळणी खाली पडली. माघापासून त्यांच्या तोंडून माझं नाव ऐकलं नव्हतं. वळून बघते तर हे अंथरुणात बसून हसताहेत, केस विस्कटलेले, कपाळावरची आठी गायब.

"काय झालं गं अशी बघालीस?"

"काही नाही," मी म्हटलं. मला रडूच फुटायचं बाकी होतं. वाटलं, सणाचा दिवस, राग गेला असेल. आक्का गेल्यावर माणूस मऊ झाला असेल. चहा दिला. बशीत ओतून, फुंकर मारून, भुरका घेऊन म्हणाले, "झक्कास. आता आवर. कारखान्यात नारळ न्यायचं हाय, पोरं खोळंबली असतील."

मी त्यांच्यासमोर बसले. मग विचारलं, "मेस्त्री, राखीव डिस्क कधी आणली आठवतंय?"

"परवाची गोष्ट. तबस्सुमकडं गेलो नव्हतो का डिस्क घ्याला?"

मी मोरीत जाऊन दार लावलं आणि तबस्सुमला फोन केला. केंद्राला सुट्टी होती, पण पोरीनं उचलला. मी सगळं सांगितलं.

"काकू, आज दोन्ही डिस्क लावल्यात ना? आधी कुठली लावली?"

"उजवीकडची."

"ती राखीव असणार."

मग तिनं समजावलं. लिनक्सवर डिस्क नुसती खुपसून भागत नाही. पेटीच्या आत एक रिकामा कप्पा असतो, त्याला डिस्क बांधावी लागते. एकदा बांधली की तो कप्पा उघडल्यावर डिस्कवरचं सगळं हाताला येतं. त्याला माउंट करणं म्हणतात. रोज हातानं बांधायला नको म्हणून एफएसटॅब नावाची फाईल असते. पेटी उठली की पहिली ती फाईल वाचते आणि त्यात लिहिलेली डिस्क त्या कप्प्याला बांधून टाकते.

"मग बरोबर ती का नाही बांधली?" मी विचारलं.

"कारण डिस्कना सापडतील तशी नावं मिळतात. पहिली सापडली ती एसडीए, दुसरी एसडीबी. आमच्या माणसानं तुमच्या फाईलीत लिहिलंय, एसडीए बांध. एरवी तुमच्याकडे एकच डिस्क असते, म्हणून कधी अडलं नाही. आणि दोन्ही डिस्क लावून पेटी तुम्ही आजवर कधी चालू केली नव्हती. आज केलीत, आणि राखीव आधी लावलीत. पेटीच्या दृष्टीनं आज तीच चालू डिस्क. सरांच्या डोक्यात आत्ता गेल्या वर्षीचा दसरा आहे."

"म्हणजे माघ नाही?"

"काय?"

"काही नाही. सोपं आहे का दुरुस्त करायला?"

"सोपं आहे. प्रत्येक डिस्कला स्वतःची एक लांबलचक ओळख असते, यूयूआयडी म्हणतात. जागा बदला, क्रम बदला, ती बदलत नाही. फाईलीत नावाच्या जागी ती ओळख लिहायची. लॅपटॉप काढा, मी सांगते तसं करा. पण काकू, दिवेलागणीच्या आत करायला हवं. नक्कल सुरू झाली की पेटी जुन्या डिस्कवरचं उचलणार आणि दुसरीवर टाकणार. दुसरीवर सरांचं हे वर्ष आहे. ते पुसलं जाईल. मी काय, कुणीच परत आणू शकणार नाही."

"मी काहीच केलं नाही तर पुसलं जाईल?"

"हो. म्हणून तर म्हणते, आत्ता बसा."

बाहेर मेस्त्री गुणगुणत होते. कुठलं तरी जुनं भजन, चाल पार चुकवून.

"आत्ता नको," मी म्हटलं. "ते आंघोळीला जाणार आहेत. मग करते फोन."

खोटं बोलले. आंघोळीला ते गेले नव्हते आणि गेले असते तरी माझं काही अडत नव्हतं. फोन ठेवून मी त्या मोरीतच बादलीवर बसून राहिले. एखादं वाईट काम करायचं असेल तर माणसाला निदान हात उचलावा लागतो. इथं तेही नव्हतं. बसून राहायचं, पुऱ्या तळायच्या, सण साजरा करायचा, आणि संध्याकाळ झाली की माझा अख्खा माघ, फाल्गुन, चैत्र, सगळं पुसून नवरा मला परत मिळणार होता. कारखान्याचं पुन्हा कधीतरी सांगावं लागलं असतं, पण या खेपेला नीट सांगितलं असतं. आधी विचारलं असतं. चूक सुधारायची संधी कुणाला मिळते?

म्हणून मी पुऱ्या लाटायला घेतल्या.

काय सांगू, काय सकाळ होती. मेस्त्रींनी मिक्सरचं भांडं गळत होतं ते उघडून बसवलं, आणि बसवताना मला तीन वेळा मूर्ख म्हणाले, जसं पूर्वी म्हणायचे. मी पण त्यांना ऐकवलं की अख्ख्या उद्यमनगरची मशिनं दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या घरचा मिक्सर वर्षानुवर्षं गळतो. हसले. श्रीखंडात बोट घालून चाखलं, मी लाटणं उगारलं. मी हसत होते आणि दर थोड्या वेळानं खिडकीतून ऊन कुठे आलंय ते बघत होते. तबस्सुमचा फोन दोनदा येऊन गेला. मी घेतला नाही.

जेवणं झाल्यावर मी भांडी घासत होते. वळले तर मेस्त्री घरात नाहीत. दारामागची पिशवी नाही, देवासमोरचा नारळ नाही.

कारखान्याकडे निघाले, दुसरं कुठं जाणार. तिथे आता दुसऱ्याचा बोर्ड, दुसऱ्याचं कुलूप, आणि दारात उभं राहून हा माणूस किल्ली शोधणार. मी ओल्या हातानं स्कूटर काढली. कोपऱ्यावर गाठले. छान भांग पाडून, पिशवी हलवत, ओळखीच्यांना हात करत चालले होते. ओळखीचे लोक बघत होते, कारण हा माणूस बरेच महिने मान खाली घालून फिरत होता.

"बसा मागं," मी म्हटलं. "आधी सोनं आणू, मग कारखान्यात जाऊ."

"सोनं मिळंल का आता?"

"बघू तरी."

हल्ली आपट्याची झाडं इतकी कमी झालीत की महापालिका घरटी एकच डहाळी देते. रांगेत उभं राहून ती घेतली. मेस्त्रींनी ती पिशवीत नारळाशेजारी उभी ठेवली, पानं चुरगळू नयेत म्हणून वरून हात धरला. मी स्कूटर वळवली ती उद्यमनगरकडे न नेता रंकाळा तलावाकडे.

"भारती, ह्यो रस्ता न्हवं."

"माहितीय."

"मग?"

"वारा खाऊ जरा. मेस्त्री, कारखान्यात आज कुणी नाही. पोरांना सुट्टी दिलीय."

"मला न इचारता?" पण रागावले नाहीत. मागून माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बरं झालं. मग असं कर, गाडी कागलला घे. आक्काला सोनं देऊन येऊ. औंदा पयलं सोनं तिला. लई दिस झालं गेलो न्हाई."

मी रंकाळ्याच्या कठड्यापाशी स्कूटर थांबवली.

कारखान्याबद्दल मी नव्यानं खोटं बोलले असते, रोज बोलले असते, मला ते जमलं असतं. पण आक्कांचं काय करणार होते? आक्का गेल्या हे आज ना उद्या सांगावंच लागणार, आणि सांगितलं की ते विचारणार, मी होतो का तिथं? आणि मी काय सांगणार, होता, पण ते मी पुसू दिलं? शेवटच्या दुपारी आक्कांनी त्यांना लहानपणीच्या नावानं हाक मारली होती, बाळू म्हणून. मेस्त्री तेव्हा माझ्याशी न बोलणारे मेस्त्री होते, तरी बाहेर येऊन, भिंतीकडे तोंड करून, मला ऐकू जाईल असं बोलले होते: "बाळू म्हणाली. आता कुणी म्हणायचं न्हाई." ते एवढं एकच वाक्य. आणि मी सकाळपासून पुऱ्या तळत बसले होते. मला माझीच शिसारी आली.

"मेस्त्री, खाली उतरा. तुम्हाला काहीतरी सांगायचंय."

सांगितलं. उजवीकडची डिस्क, दोन नावं, एक वर्ष. ते कारागीर माणूस, यंत्राचं त्यांना लगेच कळलं. मान हलवत ऐकत होते, मधे म्हणालेसुद्धा, "नावावर इसंबला व्हय, खूण बघाय पायजे हुती." मग मी म्हटलं, त्या वर्षात आक्का गेल्या.

त्यांनी कठड्याला हात लावला आणि हळूच खाली बसले. पिशवी मांडीवर. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसत नव्हते.

"मी हुतो का?"

"होता. शेवटपर्यंत. त्यांचा हात तुमच्या हातात होता. बाळू म्हणाल्या तुम्हाला."

"म्हणाली?" ते माझ्याकडे वळले. "आन् त्ये त्या दुसऱ्या डिस्कवर हाय?"

"हो."

"मग माझं मला दे की गं. वाट कशाची बघालीस?"

तेव्हा मी उरलेलं सांगितलं. कारखाना, माघ, सही. आणि त्या डिस्कवरचे तुम्ही माझ्याशी बोलत नाही, हेही. सकाळी फोन केला होता आणि सगळं कळूनही गप्प बसले, हे मात्र जिभेवर येऊन परत गेलं.

मेस्त्रींनी तोंड पाण्याकडे फिरवलं. मला वाटलं झालं, या डिस्कवरचाही नवरा गेला. खाली एक बाई पोराला बोटीत बसवत होती आणि पोरगं बसत नव्हतं. मेस्त्रींनी पिशवीत हात घालून डहाळीची दोन पानं तोडली. एक शर्टाच्या खिशात ठेवलं.

"ह्ये आक्काचं. फोटोला ठेवतो." दुसरं माझ्या हातावर ठेवून माझी मूठ मिटली. "ह्ये तुझं. आत्ताच घे. नंतरचा मी देईन का न्हाई ठाऊक न्हाई."

घरी येईपर्यंत ऊन भिंतीवर चढलं होतं. तबस्सुमला फोन लावला तर पहिल्या घंटीला उचलला. ओरडेल वाटलं होतं, पण म्हणाली, "काकू, करू या ना आता?" पोरीला सकाळीच सगळं कळलं असावं.

"एक विचारू? आजचा दिवस या डिस्कवर लिहिला गेलाय. तो तेवढा उचलून त्या डिस्कवर ठेवता येणार नाही?"

"नाही काकू. दोन डिस्कची सरमिसळ मेंदूला झेपत नाही. माणसाला आधी काय, नंतर काय तेच कळेनासं होतं. आजचा दिवस जाईल. दिवेलागणीला त्याच्यावर नक्कल चढेल."

मेस्त्री खुर्चीत बसून ऐकत होते. "कर बंद," म्हणाले. "मी हितंच हाय."

मी पेटी बंद केली. लॅपटॉपला जोडली. तबस्सुम सांगत गेली तसं टंकत गेले. दोन्ही डिस्कच्या ओळखी पडद्यावर आल्या, आकडे आणि अक्षरांच्या लांबच लांब माळा. कुठल्या डिस्कवरची शेवटची नोंद कालची आहे ते बघून तिनं बरोबर ओळख निवडायला लावली. एक अक्षर चुकलं, पुन्हा लिहिलं. मागून मेस्त्रींनी विचारलं, "भारती, आज कारखाना बंद कसा?"

"दसरा आहे."

"आता नोफेल असं लिहा ओळीत," तबस्सुम म्हणाली. "म्हणजे कधी डिस्क सापडली नाही तरी पेटी अडून बसणार नाही, बाकी सगळं चालू करेल."

"हे माणसांसाठी मिळतं का कुठं?"

ती हसली. मला हसू आलं नाही. मागून पुन्हा आवाज आला, "भारती, आज कारखाना बंद कसा?" आवाजात आता घाबरेपणा होता. मी मागे न बघता म्हटलं, "दसरा आहे, मेस्त्री. सण आहे आज." मी तेच उत्तर देत राहिले आणि ते तेच विचारत राहिले. बाहेर कुणाच्या तरी दारात दिवा लागला.

"जतन करा. आता दोन्ही डिस्क मुद्दाम सकाळच्याच क्रमानं लावा," तबस्सुम म्हणाली. "राखीव आधी. म्हणजे खात्री होईल."

तशा लावल्या. पेटी चालू केली. लाल. पिवळा. पिवळा बराच वेळ राहिला, किंवा मला तसं वाटलं. मग हिरवा.

मी ती त्यांच्या कमरेला लावली आणि समोर उभी राहिले.

ते परत आले ते मला दिसलं. आधी आक्का आल्या असाव्यात, कारण डोळे मिटले आणि ओठ हलले. मग कपाळावर आठी आली, माझ्या ओळखीची. डोळे उघडून माझ्याकडे बघितलं आणि नजर खिडकीकडे नेली. खिडकीत अंधारून येत होतं. त्यांच्या लेखी आत्ताच खंडेनवमीची रात्र होती.

पेटीवर नक्कल सुरू झाल्याचा छोटा दिवा लुकलुकायला लागला. सकाळ, मिक्सर, श्रीखंडातलं बोट, रंकाळा, सगळं त्या लुकलुकीखाली चाललं होतं.

लॅपटॉपशेजारी ठेवलेलं माझं पान मी मुठीत घेतलं. मेस्त्रींनी सवयीनं खिशात हात घातला, चष्म्यासाठी, आणि पान बाहेर आलं. त्यांनी ते उलटं सुलटं करून बघितलं. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "ह्ये कुणाचं?"

"आक्कांचं. फोटोला ठेवतो म्हणालात."

"मी?"

"तुम्ही."

त्यांनी लॅपटॉपकडे आणि कमरेच्या दोन डिस्ककडे बघितलं, मग उठले आणि पान फोटोपाशी ठेवलं. तिथे उभे राहिले, पाठ माझ्याकडे. "आन् तुझ्या मुठीत काय हाय?"

मी मूठ उघडली. पान चुरगळलं होतं. "हे तुम्ही मला दिलंत. आत्ताच घे म्हणालात. नंतरचा मी देईन का नाही ठाऊक नाही, असं म्हणालात."

मेस्त्री वळले. चेहऱ्यावर राग होता, तो काही गेला नव्हता. पण ते पानाकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं बघत राहिले.

"शाणा हुता की त्यो," ते म्हणाले.

मग खुर्चीत बसले आणि समोरची खुर्ची पायानं माझ्याकडे ढकलली. "बस. आजचा दिस मला सांग. सगळा सांग, गाळू नगंस कायबी."

मला कळलं ते काय मागताहेत. डिस्कवरून दिवस येणार नव्हता, पण मी बोललेलं तर पेटी टिपणार होती. हिरवा दिवा जळत होता. सगळं सांगायचं तर फोन ठेवून मी दुपारपर्यंत पुऱ्या तळत बसले होते, तेही आलं, आणि का बसले तेही आलं. ते ऐकल्यावर उद्या सकाळी चहा कसा प्यायला जाईल ते मला माहीत नव्हतं.

मी खुर्ची पुढे ओढली आणि सांगायला लागले, उजवीकडची डिस्क उचलली तिथपासून.